तीन पाडवे आणि आपली उमेद





नवे वर्ष लागले की एकमेकांना शुभेच्छा देण्याची आपली रीत आहे. शहरात त्या १ जानेवारीला देतात. गावात पाडव्याला गुढी उभारून देतात. ऊस पिकवणाऱ्याचे खरे वर्ष मात्र बॉयलर पेटला, गव्हाणीत पहिली मोळी पडली की सुरू होते अन् पट्टा पडला की संपते. अशी एकाच वर्षात तीन नवी वर्षे आपल्या वाट्याला येतात. पण शुभेच्छांचा हिशेब कोणी मागत नाही. मागच्या खेपेला जे चिंतले, त्यातले पदरात काय पडले, काय नाही, आणि नाही पडले तर ते का, हे मागे वळून बघायला सवड कुणाला?

आम्ही या लेखात तो हिशेब मांडायचे ठरवले आहे. त्यासाठी सरळ गेलेले साधे वर्ष घेतलेले नाही. कोरोनाच्या महामारीत आलेले २०२०, २०२१ आणि २०२२ हे तीन पाडवे घेतले आहेत. माणसाची उमेद कशावर टिकते आणि कशाने ढासळते, हे या तीन पाडव्यांनी जेवढे शिकवले तेवढे एरवी तीस वर्षांत कळले नसते. त्या दिवसांत भवानीनगर पंचक्रोशीत, बारामती-इंदापूरच्या गावोगावी कित्येक घरांतली कर्ती माणसे गेली. तेव्हा या विषयावर लिहायचे तर नुसत्या गोड शब्दांनी भागणार नाही. जे शिकलो ते कामाला लावले, तरच त्या दिवसांचे काही सार्थक होईल.

पहिला पाडवा : २५ मार्च २०२०

राज्यातले पहिले रुग्ण आपल्याच जिल्ह्यात, पुणे शहरात, ९ मार्च २०२० रोजी सापडले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि ती लागू झाली तो २५ मार्चचा दिवस नेमका गुढीपाडव्याचा होता. बाजारपेठ बंद, एस. टी. बंद, देवळांची दारेही बंद. बऱ्याच घरांत गुढीला बांधायला गाठी मिळाली नाही. साखर पिकवणाऱ्याच्या गुढीला साखरेची गाठी नाही, हे त्या वर्षीच पाहिले.

पुढचे सगळे आपण भोगलेच आहे. आठवडे बाजार बंद पडले. कलिंगड रानात सडले, द्राक्षाला व्यापारी फिरकेना. शहरातली हॉटेले अन् मिठाईची दुकाने बंद झाली, तसे दुधाचे भाव कोसळले. शेवटी शासनाने रोज १० लाख लिटर दूध लिटरला २५ रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करण्याचे ठरवले. बारामती शहरात राजस्थानातल्या भिलवाड्याच्या धर्तीवर सगळे व्यवहार बंद ठेवून लोकांना जिन्नस घरपोच देण्याची पद्धत राबवली गेली.

उसाचे काय झाले? इथे एक गंमत, म्हणजे दैवाचा खेळ, ध्यानात घेण्यासारखा आहे. २०१८ चा दुष्काळ आणि २०१९ चा महापूर यांमुळे २०१९-२० च्या हंगामात राज्यात ऊसच थोडा होता. त्या वर्षी राज्यात साखर झाली अवघी सुमारे ६२ लाख टन. त्यामुळे टाळेबंदी लागली तेव्हा बऱ्याच कारखान्यांचे पट्टे पडून गेले होते. ज्या दुष्काळाने आदल्या वर्षी रडवले, त्यानेच त्या मार्चमध्ये तारले. हाच ऊस भरघोस असता अन् निम्मा रानात उभा असता, तर काय गत झाली असती, याचा विचार ज्याने त्याने करावा.

तरीही काही कारखाने चालू होते. अशा ३८ कारखान्यांच्या परिसरात सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड मजूर अडकून पडले होते. बीड, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जालना या बाजूची ही माणसे. सोबत लहान पोरे, म्हातारी माणसे, बैल. "घरातच थांबा" असा हुकूम निघाला होता आणि आपण घरात थांबलोही. पण ज्याचे घर म्हणजे पाचटाची कोपी, त्याने कुठल्या घरात थांबायचे? पाणी सार्वजनिक नळाचे, सरपण रानातले, किराणा गावातल्या दुकानाचा, अन् गावकरी तर गावाच्या वेशीवर काट्या आडव्या टाकून बसलेले.

१७ एप्रिल २०२० रोजी या मजुरांना गावी जाण्याची परवानगी मिळाली. कारखान्याने सगळ्यांची वैद्यकीय तपासणी करायची, गाववार यादी करायची, वाहन द्यायचे आणि त्यांना गावच्या कारभाऱ्यांच्या हवाली करायचे, असे ठरले. ऐकायला सोपे वाटते. पण यादी करायला बसल्यावर एक जुनीच गोष्ट नव्याने उघडी पडली. आपल्या तोडणी-वाहतुकीच्या करारावर नाव असते मुकादमाचे, आणि पुढे कोयत्यांची संख्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायको ही जोडी. त्या कोयत्यामागची माणसे कोण, कुठल्या गावची, पोरे किती, कुणाला कसला आजार, हे बहुतेक ठिकाणी कागदावर कुठेच नव्हते. आपल्या उसाच्या प्रत्येक सरीची नोंद होती, पण तो ऊस तोडणाऱ्या माणसाची नव्हती. ही खंत आम्ही येथे मुद्दाम नोंदवतो. पुढे तिच्याकडे परत येऊ.

मळीतून निघालेली मदत

त्याच दिवसांत हातावर चोळायच्या सॅनिटायझरसाठी लोकांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये मास्क आणि सॅनिटायझर या जीवनावश्यक वस्तू ठरवल्या. आसवनी, म्हणजे डिस्टिलरी, असलेल्या साखर कारखान्यांना ते तयार करण्याचे परवाने भराभर मिळाले आणि थोड्याच दिवसांत टंचाई हटली. हे इतक्या झटपट कसे जमले, हे सभासदांना कळावे म्हणून जरा फोड करून सांगतो.

एक टन ऊस गाळला की साखर निघून सुमारे ४५ किलो मळी उरते. या शेवटच्या मळीच्या एका टनापासून साधारण २२५ लिटर अल्कोहोल निघते. म्हणजे एका टन उसामागे अंदाजे १० लिटर. हे अल्कोहोल ९५-९६ टक्के शुद्ध असते. आता कुणालाही वाटेल, जितके कडक तितके चांगले. पण तसे नाही. विषाणूच्या अंगावर चरबीचे पातळ वेष्टन असते आणि आत प्रथिने असतात. अल्कोहोल ते वेष्टन विरघळवते आणि प्रथिने गोठवते, पण प्रथिने नीट गोठायला थोडे पाणी लागते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या कृतीत अल्कोहोल ८० टक्के ठेवतात. त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून थोडे ग्लिसरीन, आणि भांड्यातले जंतू मरावेत म्हणून किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. या हिशेबाने एका टन उसाच्या मळीतून बारा लिटरच्या आसपास सॅनिटायझर होते. साबणही त्याच चरबीच्या वेष्टनावर काम करतो. म्हणून घरी साबण असेल तर सॅनिटायझरवाचून अडत नव्हते, हे जाता जाता सांगितलेले बरे.

यातला मुद्दा असा की महामारी आली म्हणून कोणी आसवनी उभारली नाही. आसवनी आधीपासून होती, माणसे शिकलेली होती, टाक्यांत माल होता. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली असती तर पाणी लागेपर्यंत माणूस उरला नसता. विहीर आधी खणलेली होती, म्हणून घागर भरली.

जानेवारी २०२१ : उमेद आणि गाफीलपणा

आता त्या नव्या वर्षाकडे येऊ, ज्याच्याकडून सगळ्यांनीच फार आशा धरल्या होत्या. १२ जानेवारी २०२१ रोजी पुण्याच्या सिरम कंपनीतून लशीच्या पहिल्या पेट्या देशभर रवाना झाल्या. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झाले. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात एका दिवसात २४ हजारांवर नवे रुग्ण सापडत होते, ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन-तीन हजारांवर आले. ऊसही चांगला होता. ऑक्टोबर २०२० च्या मध्यात अतिवृष्टीने इंदापूर-बारामतीत ऊस लोळला, ओढे-नाले फुटले, तरी राज्याचा हंगाम भरात आला. ऊसतोड मजुरांच्या दराचा प्रश्नही २७ ऑक्टोबर २०२० रोजी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधल्या बैठकीत सरासरी १४ टक्के वाढ देऊन मिटला होता. २०२०-२१ ला राज्यात सुमारे १०६ लाख टन साखर झाली.

साहजिकच सगळ्यांना वाटले, संपली एकदाची ब्याद! लग्ने धूमधडाक्यात झाली. वरात, पंगत, जागरण-गोंधळ, सगळे यथासांग. मास्क हनुवटीवर आला, मग खिशात गेला. ज्यांची लशीची पाळी आली होती, त्यांतलेही पुष्कळ जण "आता कशाला?" म्हणून मागे राहिले. आम्हीही त्यांतलेच, हे कबूल करायला हरकत नाही.

खरे तर इतिहासात याचा दाखला होता. शंभर वर्षांपूर्वी, १९१८ च्या जून महिन्यात, इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरातून देशात शिरली. पहिली लाट सौम्य होती. लोक निर्धास्त झाले अन् सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली ती पहिलीच्या कित्येक पट मारक. त्यात पावसाने दडी मारलेली. देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ती 'मानमोडी' पुष्कळ वर्षे होती. आपण ते ऐकले होते, पण मनावर घेतले नव्हते.

दुसरा पाडवा : १३ एप्रिल २०२१

१३ एप्रिल २०२१ च्या पाडव्याला सकाळी गुढ्या उभारल्या आणि त्याच संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा संचारबंदी जाहीर केली. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले. पहिल्या लाटेत शहरे होरपळली होती, या खेपेला रोग वाड्या-वस्त्यांवर, उसाच्या रानातल्या घरांपर्यंत आला. खाट मिळेना, इंजेक्शन मिळेना, अन् ज्याची आजवर किंमत कधी विचारली नाही ती हवासुद्धा मिळेना.

या हवेच्या बाबतीत साखर कारखानदारीने जे केले तेही समजून घेण्यासारखे आहे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने एप्रिल २०२१ मध्ये कारखान्यांना ऑक्सिजननिर्मितीसाठी पुढे येण्याचे आवाहन केले. चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पातली यंत्रणा फिरवून ऑक्सिजन तयार करण्याचा प्रयोग केला. इथेनॉलच्या यंत्रातून ऑक्सिजन कसा निघेल, असा प्रश्न कोणालाही पडेल.

त्याचे असे आहे. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल पार कोरडे लागते, त्यात पाण्याचा अंश चालत नाही. म्हणून ९५-९६ टक्क्यांच्या अल्कोहोलची वाफ झिओलाइट नावाच्या दाण्यांनी भरलेल्या उंच टाकीतून सोडतात. या दाण्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. पाण्याचे कण त्यांत अडकतात आणि कोरडे अल्कोहोल पुढे जाते. दुसऱ्या जातीचे झिओलाइट असते, ते नायट्रोजन अडकवते. आपल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. हवा दाबाने त्या दाण्यांतून सोडली की नायट्रोजन मागे राहतो आणि ९३ टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन बाहेर पडतो. मग दाब कमी केला की अडकलेला नायट्रोजन निघून जातो, दाणे पुन्हा कामाला तयार. दोन टाक्या आलटून-पालटून चालवायच्या. टाक्या, नळ्या, झडपा, हे सारे प्रकल्पात होतेच. दाणे बदलले अन् जुळणी बदलली.

धान्य पाखडायच्या सुपाने एरवी दुसरेही काही पाखडता येते, तसेच हे. पण सूप घरात असावे लागते आणि पाखडणारा हात सरावाचा असावा लागतो. सॅनिटायझरच्या वेळी जे दिसले तेच इथे दिसले. संकटात उपयोगी पडली ती आधीची तयारी. नुसती आशा धरली होती तिथे हात रिकामे राहिले.

या काळात सहकाराच्या कारभारालाही खीळ बसली. सहकारी संस्थांच्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. वार्षिक सभा मोबाईलवर घ्याव्या लागल्या. ज्या सभेला मांडवात बसून, उभे राहून, प्रसंगी आवाज चढवून प्रश्न विचारायचे, ती सभा हाताच्या तळव्यावर आली. ज्याच्या गावात रेंज नाही त्याचा प्रश्न गावातच राहिला. सहकार म्हणजे माणसांनी एकत्र येणे, आणि महामारीने बंदी घातली ती नेमकी त्यावरच.

तिसरा पाडवा : २ एप्रिल २०२२

२ एप्रिल २०२२ च्या पाडव्यापासून राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठले. दोन वर्षांनी मिरवणुका निघाल्या, बाजार भरले, गाठ्या मिळाल्या. आता तरी सुटलो म्हणावे, तर रानात काय चित्र होते? एप्रिल लागला तरी लाखो टन ऊस उभाच!

२०२१-२२ ला राज्यात उसाचे क्षेत्र वाढले होते आणि पाऊसपाणी चांगले झाले होते. त्या वर्षी सुमारे १३७ लाख टन साखर झाली, तोवरचा तो उच्चांक होता. हंगाम जूनपर्यंत लांबला. मराठवाड्यात तर शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळाले. मे महिन्याच्या उन्हात ऊस आतून पोकळ पडला, वजन घटले, उतारा घटला. लांबून ऊस आणण्याच्या वाहतुकीसाठी आणि घटलेल्या उताऱ्यापोटी शासनाला अनुदान जाहीर करावे लागले. टोळ्या उन्हाने टेकीला आल्या, कित्येक तर गावाकडे निघून गेल्या.

थोडे आठवून पाहा. त्या वर्षी सुरुवातीला जो आडसाली ऊस तुटला, त्याची लागण झाली होती जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्या वर्षात. बाकी सगळी पिके चार महिन्यांची, सहा महिन्यांची. आडसाली ऊस मात्र सोळा-अठरा महिन्यांचा. त्या उसाने पहिली लाट पाहिली, ऑक्टोबरची अतिवृष्टी सोसली, दुसरी लाट पाहिली, आणि मगच तो गव्हाणीत गेला. उद्या आपण जगतो की नाही याची ज्या दिवसांत खात्री नव्हती, त्या दिवसांत आपल्या लोकांनी अठरा महिन्यांनी तुटणारे बेणे सरीत दाबले. उमेद याहून वेगळी काय असते? पण एकट्याने लावलेल्या उमेदीला सगळ्यांच्या नियोजनाची जोड नसली, तर ऊस चांगला येऊनही रानातच वाळतो. तिसऱ्या पाडव्याचा धडा हाच. रोग जाणे ही एक गोष्ट, आणि दिवस चांगले येणे ही दुसरी.

एका खांबावर छप्पर नको

टाळेबंदीच्या काळात ऊसबिलांना उशीर का झाला, हे पुष्कळांनी तेव्हा विचारले. कायद्याप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यायची असते. पण कारखान्याचा पैसा साखरेच्या पोत्यांत अडकलेला असतो. देशातली निम्म्याहून अधिक साखर घरातल्या चहात जात नाही. ती जाते मिठाई, बिस्किटे, शीतपेये, आईस्क्रीम आणि हॉटेले यांच्याकडे. २०२० चा अख्खा उन्हाळा हे धंदे बंद. साखर गोदामात अन् व्याज बँकेत वाढत राहिले. २०१९-२० ला १० टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला २,७५० रुपये होती. २०२५-२६ साठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला ३,५५० रुपये ठरली. साखरेचा किमान विक्रीभाव मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला, तो पुढे वर्षानुवर्षे तसाच राहिला.

म्हणून इथेनॉलकडे सगळ्यांचे डोळे लागले. २०२०-२१ ला शेवटच्या मळीपासूनच्या इथेनॉलला लिटरला ४५.६९ रुपये, बी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलला ५७.६१ रुपये आणि थेट रसापासूनच्या इथेनॉलला ६२.६५ रुपये असा दर होता. शिवाय साखरेसारखे गिऱ्हाईक शोधत बसावे लागत नाही. पेट्रोलमध्ये १० टक्के मिश्रणाचा टप्पा देशाने २०२२ मध्ये गाठला. पण डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाला म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, अन् ज्यांनी सगळा भरवसा त्यावरच टाकला होता ते अडचणीत सापडले. ते निर्बंध ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. यातून कारखान्याने जो धडा घ्यायचा तोच घरच्या प्रपंचाचा. एका खांबावर छप्पर उभे करू नये. उसाच्या जोडीला दोन जनावरे, थोडे भुसार, बांधावर चार झाडे असली, तर बिल महिनाभर लांबले म्हणून चूल अडत नाही.

मग उमेद कशावर धरायची?

तीन पाडव्यांचा हिशेब मांडून झाला. आता त्यातून जमेला काय धरायचे ते सांगतो. आम्ही मोठे संकल्प सुचवत नाही. ज्याला त्याला करता येतील अशा चारच गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, कागद. दुसऱ्या लाटेत ज्या घरांतला कर्ता गेला, त्या घरांत दुःखाबरोबर कागदाची वणवण आली. शेअर कोणाच्या नावे करायचा, बिल कोणत्या खात्यावर, ऊसनोंद कोणाची? सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्यात कलम ३० प्रमाणे सभासदाला आपल्या पश्चात भाग कोणाकडे जावा याचे नामनिर्देशन करून ठेवता येते. ते केलेले असले की संस्थेतले काम अडत नाही. वारसांच्या हक्काचा प्रश्न वेगळा असतो, तो त्यांनी आपसांत सोडवायचा. हे काम एका अर्जाचे आहे. "मेल्यावरचे आत्ताच कशाला बोलायचे", असे म्हणून पुष्कळ जण टाळतात. पण मागे राहिलेल्या बाईमाणसाला तलाठी कचेरीत अन् गट ऑफिसात हेलपाटे घालावे लागतात, तेव्हा त्या टाळण्याची किंमत कळते. तसेच बँकेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन ज्योती विमा आणि २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. जीवन ज्योतीत वयाच्या ५० पर्यंत नाव घालता येते, अपघात विमा ७० पर्यंत. पासबुक काढून बघा, हप्ता कापला जातो की नाही ते.

दुसरी गोष्ट, टोळी. स्व. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याणकारी महामंडळ झाले आहे आणि त्याचे पुण्यातले कार्यालय एप्रिल २०२२ मध्ये, तिसऱ्या पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी, सुरू झाले. मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. हे सगळे ठीक. पण शासन आपल्या बांधावर येणार नाही. टोळी आपल्या रानात उतरते तेव्हा माणसांची नावे, गाव, पोरांची वये, आजार-औषध याची वहीत नोंद करणे, प्यायच्या पाण्याची सोय दाखवणे, अडल्या बाईला वेळेत दवाखान्यात पोचवणे, एवढे तर आपल्या हातात आहे? प्लेगच्या साथीत, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले गेल्या त्या परक्या रोग्यांची सेवा करता करता. त्या आपल्याच जिल्ह्यात, पुण्यात होऊन गेल्या. त्यांचे नाव घेणाऱ्या गावाने पाचटाच्या कोपीकडे पाठ फिरवू नये, एवढेच आमचे म्हणणे.

तिसरी गोष्ट, लागणीची तारीख. सगळ्यांनी एकाच पंधरवड्यात लागण करायची आणि सगळ्यांचा ऊस एकदम तोडायचा, हे कुठल्याही कारखान्याला झेपणारे नाही. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांचे प्रमाण शेतकी खात्याशी बोलून ठरवा. खरी तारीख नोंदवा. आधीची तारीख लावून नंबर पुढे ओढला, तर तो शेजाऱ्याच्या वाट्याचा असतो.

चौथी गोष्ट, आरोग्याची गावकी. गावातल्या आशाताईंनी दोन्ही लाटांत दारोदार फिरून ताप मोजला, तेव्हा काहींनी दार लोटून घेतले. आता साथ नाही म्हणून त्यांच्याशी बोलणे बंद करू नका. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांना कोरोनाने आधी गाठले, हे आपण पाहिले. हे रोग आधी तपासले तर ताब्यात राहतात. वर्षातून एकदा घरातल्या चाळिशीपुढच्या माणसांनी तपासणी करावी, म्हशीला लस टोचायला आपण विसरतो का?

बंधू-भगिनींनो, पाडव्याला आपण दोन गोष्टी एकदम करतो. गुढीला साखरेची गाठी बांधतो आणि तोंडात कडुलिंबाचा पाला घालतो. पूर्वजांनी ही जोडी घालून दिली ती उगीच नाही. नुसती गाठी बांधून २०२१ उजाडले अन् आपण कडुलिंब विसरलो. आता कडुलिंबाची चव जिभेवर आहे, तोवरच ही चार कामे उरकून घेऊ. येत्या वर्षी तुमच्या रानात ऊस उभा राहो, तो वेळेत तुटो, तोडणारा सुखरूप घरी जावो, आणि प्रत्येकाच्या गुढीला गाठी मिळो, हीच आमची इच्छा.

जय सहकार!